साहित्यसंज्ञा आणि भीमातीर

शाळेंत असतांना उपमा, उत्प्रेक्षा, रूपक आणि अपन्हुति यांच्या व्याख्या पाठ केल्या नाहींत असा सुशिक्षित मनुष्य महाराष्ट्रांत विरळा. चंद्रासारखें मुख ही उपमा, मुख म्हणजे जणूं चंद्र ही उत्प्रेक्षा, मुखचंद्र हें रूपक, आणि हें मुख नव्हे, हा चंद्रच, ही अपन्हुति. एवढें उत्तरपत्रिकेंत उतरलें कीं गुण पदरांत पडत आणि संज्ञेचें काम संपे. पुढें संसारांत या शब्दांची गांठ पडते ती कोणी फार फुगवून बोलूं लागला म्हणजे ‘अतिशयोक्ति पुरे’ असें म्हणण्यापुरती. त्यामुळें साहित्याच्या संज्ञा हा पंडितांचा एक निरुपद्रवी खेळ आहे, तो समजला तरी लाभ नाहीं व न समजला तरी हानि नाहीं, असा समज आपल्या घराघरांतून दृढ झालेला दिसतो.

आमचें म्हणणें याहून निराळें आहे. संज्ञा म्हणजे अमुक कृति कोणत्या नजरेनें वाचावयाची याविषयीं कवि आणि वाचक यांच्यामध्यें झालेला करार होय. तो करार ठाऊक नसतां वाचावयास बसलें कीं अर्थाचा अनर्थ होतो. आणि तो कवितेपुरताच राहत नाहीं, कधीं कधीं माणसांच्या अब्रूपर्यंत जाऊन पोंचतो.

याचे दाखले शोधण्यासाठीं काशीस किंवा काश्मीरास जाण्याचें कारण नाहीं. पुणें जिल्ह्याच्या पूर्वभागीं भीमेच्या उत्तरेस शिरूर आणि दक्षिणेस दौंड असे दोन तालुके आहेत. ज्वारीचीं शेतें, उंसाचे मळे, घोडनदीचा बाजार आणि दौंडचें रेल्वे जंक्शन यांपलीकडे या मुलखाची ओळख सामान्य प्रवाशास नसते. तथापि ओवी, नायिकाभेद, लावणी आणि पद्य या चार संज्ञांचा इतिहास याच टापूंत, एका दिवसाच्या फेरींत, आपल्यासमोर उभा राहूं शकतो.

प्रथम ओवी घेऊं. हा शब्द ‘ओवणें’ या क्रियापदाशीं जोडण्यांत येतो. फुलें दोऱ्यांत ओवावीं तसे शब्द सुरांत ओवलेले, ती ओवी. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथांत, म्हणजे इ. स. ११२९ च्या सुमारास, महाराष्ट्रांतील स्त्रिया कांडण करतांना ओवी गातात असा उल्लेख आलेला आहे. ज्ञानेश्वरी सिद्ध झाली ती इ. स. १२९० मध्यें. म्हणजे मराठींतील सर्वश्रेष्ठ ग्रंथानें हा छंद उचलण्यापूर्वीं दीडशेंहून अधिक वर्षें तो उखळाशीं बसलेल्या बायकांच्या नांवें ग्रंथांत नोंदला गेला होता. पुढें ग्रंथांतील ओवी प्रतिष्ठित झाली. चार चरण, पहिल्या तीन चरणांस यमक, चौथा चरण आंखूड, अशी तिची व्याख्या झाली. आणि तीच व्याख्या आपण मुलांकडून घोकून घेतों.

आतां शिरूर तालुक्यांतील सविंदणे गांवाकडे वळूं. पुण्यास राहून हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनीं गेल्या शतकाच्या शेवटच्या दोन दशकांत जात्यावरच्या ओव्या गोळा करण्याचें प्रचंड काम आरंभिलें. त्या संग्रहांत आज एक लाखाहून अधिक ओव्या आहेत, आणि ज्या गांवच्या बायकांनीं त्यासाठीं आपला गळा दिला त्यांत सविंदणे हेंही एक आहे. या ओव्यांस शाळेंतील व्याख्या लावून पाहावी, म्हणजे मोठा चमत्कार दिसतो. जात्यावरची ओवी बहुधा दोन ओळींची असते. गाणारी कांहीं शब्द फिरून फिरून घेते व जात्याच्या फेऱ्याशीं ताल जुळवून घेते. पहिली ओळ एक चित्र उभें करते आणि दुसरी त्यास उत्तर देते. माहेर, भाऊ, सीतेचा वनवास, पंढरीची वाट आणि बाबासाहेब आंबेडकर इतका विस्तीर्ण विषय या दोन ओळींत मावतो. व्याख्येच्या कांट्यानें तोललें तर यांतील पुष्कळ ओव्या सदोष ठरतील. पण दोष कोणाचा? लेकीच्या मापानें शिवलेलें लुगडें आईस पुरत नाहीं म्हणून आईला बेढब म्हणणें जितकें शहाणपणाचें, तितकाच हा न्याय शहाणपणाचा होय. संज्ञेला वय असतें, हें येथें पहिल्यानें लक्षांत येतें. आणि व्याख्या कोणत्या काळच्या कोणत्या नमुन्यावरून बेतली आहे हें विचारल्यावांचून ती वापरूं नये, हा पहिला धडा मिळतो.

दुसरी संज्ञा अधिक गंभीर आहे, कारण तिच्याशीं एका राजाचें नांव निगडित आहे. शिरूर तालुक्याच्या पश्चिम टोंकास, कोरेगांव भीमाच्या जवळ, वढु बुद्रुक नांवाचें गांव आहे. तेथें छत्रपति संभाजी महाराजांची समाधि आहे. इ. स. १६८९ च्या फेब्रुवारींत संगमेश्वरास पकडल्यावर त्यांना व कवि कलश यांना भीमाकांठीं पेडगांवच्या बहादुरगडावर, म्हणजे दौंड तालुक्याच्या समोरच्या तीरावर, औरंगजेबापुढें आणण्यांत आलें, आणि त्याच सालच्या ११ मार्च रोजीं वढु-तुळापूरच्या परिसरांत दोघांचा अमानुष वध झाला. हा इतिहास सर्वांस विदित आहे. परंतु ज्याचा असा अंत झाला तो राजा साहित्यशास्त्राचा अभ्यासक होता, ही गोष्ट त्या मानानें फार थोड्यांस ठाऊक असते.

संभाजी महाराजांच्या नांवावर चार रचना आहेत. ‘बुधभूषण’ संस्कृतांत, ‘नायिकाभेद’, ‘नखशिख’ आणि ‘सातसतक’ या तीन ब्रजभाषेंत. यांतील पहिल्या दोन ब्रज रचनांचीं नांवें म्हणजे मूळच्या साहित्यसंज्ञाच होत. ज्यास त्या संज्ञा ठाऊक नाहींत असा मनुष्य नुसतीं नांवें ऐकून काय समजेल? नायिकांचे प्रकार सांगणारा आणि स्त्रीचें रूप नखापासून शेंडीपर्यंत वर्णन करणारा राजा! आधींच ज्याच्याविषयीं विलासीपणाच्या कथा कानीं पडल्या आहेत, त्याच्या विरुद्ध आयता पुरावाच हातीं आला, असें त्यास वाटल्यास नवल नाहीं.

म्हणून या संज्ञांचा अर्थ नीट पाहिला पाहिजे. नायिकाभेदाचें मूळ भरताच्या नाट्यशास्त्रांत आहे. रंगभूमीवर स्त्रीपात्राची मनःस्थिति कशी दाखवावयाची, हें नटास कळावें म्हणून भरतानें आठ अवस्था सांगितल्या. पतीची वाट पाहत घर व देह सजवून बसलेली ती वासकसज्जा. विरहानें उत्कंठित झालेली ती विरहोत्कंठिता. पति जिच्या मुठींत आहे ती स्वाधीनभर्तृका. भांडण करून मागाहून पस्तावणारी ती कलहांतरिता. पतीच्या अंगावर परस्त्रीच्या खुणा पाहून दुखावलेली ती खंडिता. संकेतस्थळीं फसविली गेलेली ती विप्रलब्धा. पति परदेशीं गेला आहे अशी ती प्रोषितभर्तृका. आणि स्वतः प्रियकराकडे निघालेली ती अभिसारिका. भानुदत्तानें ‘रसमंजरी’ ग्रंथांत या भेदांचा आणखी सूक्ष्म विस्तार केला, आणि केशवदासानें इ. स. १५९१ मध्यें ‘रसिकप्रिया’ रचून तोच विषय ब्रजभाषेंत आणला. त्यानंतरच्या शतकांत उत्तर हिंदुस्थानच्या दरबारीं जो जो कवि म्हणवी, त्यास या विषयावर लेखणी चालविणें जवळ जवळ क्रमप्राप्तच होतें. ‘नखशिख’ याचीही अशीच रूढि आहे. देवतेचें वर्णन पायांपासून वर आणि मानवी व्यक्तीचें मस्तकापासून खालीं करावें, असा संकेत कविजनांत मानला गेला होता. सारांश, आज एखाद्या विद्यार्थ्यानें वृत्तांवर प्रबंध लिहावा, त्या जातीचा हा उद्योग आहे. नायिकाभेद लिहिणें ही विद्येची परीक्षा होती, रोजनिशी नव्हे.

रायगडाच्या राजमंडळास या विद्येचें वावडें नव्हतें, हें दुसऱ्या एका ग्रंथावरूनही दिसतें. भूषण कवीचा ‘शिवराजभूषण’ आपण शिवछत्रपतींच्या पराक्रमाचें काव्य म्हणून गौरवितों, आणि तें योग्यच आहे. परंतु इ. स. १६७३ मध्यें पुरा झालेला हा ग्रंथ रचनेच्या दृष्टीनें अलंकारशास्त्राचें पुस्तक आहे. आधीं अलंकाराचें लक्षण, मग त्याचें उदाहरण, असा त्याचा क्रम; आणि उदाहरणाचा विषय सर्वत्र शिवाजी महाराज. इतर कवि ज्या अलंकारांस नायिकेच्या नेत्रांचे दाखले देत, त्यांस भूषणानें किल्ल्यांचे व लढायांचे दाखले दिले. बापाच्या चरित्रावर अलंकार शिकविणारा ग्रंथ ज्या पिढींत झाला, त्याच पिढींतील मुलानें नायिकाभेदावर लिहावें यांत विलास कोठें आला?

मग अपकीर्तीची कथा आली कोठून? येथें आणखी एक संज्ञा उपयोगी पडते, ती ‘बखर’. बखर म्हणजे इतिहासाचा कागद नव्हे. तो मराठी गद्याचा एक वाङ्मयप्रकार आहे. त्यांत ऐकीव वृत्तांत, उपदेश, संवाद आणि नाट्य यांचें मिश्रण असतें. संभाजी महाराजांचें जें काळेंकुट्ट चित्र पुढें रूढ झालें, त्याचा एक प्रमुख आधार म्हणजे मल्हार रामराव चिटणीस यांची बखर. ती एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं, म्हणजे महाराजांच्या मृत्यूनंतर सुमारें सव्वाशें वर्षांनीं, लिहिली गेली. आणि लिहिणारे गृहस्थ होते बाळाजी आवजी चिटणीस यांचे वंशज, ज्यांना संभाजी महाराजांनीं इ. स. १६८१ मध्यें देहांताची शिक्षा दिली होती. बखरकारावर आम्ही लबाडीचा आरोप करीत नाहीं. बखर ही बखर म्हणून वाचली असती तर तिच्यांत वाईट कांहीं नव्हतें. तिला साक्षीपुरावा समजण्यांत आलें, तेथें घोटाळा झाला. त्याच ओघांत कवि कलशाचें नांवही बिघडलें. त्यांची पदवी ‘छंदोगामात्य’. छंदोग म्हणजे सामगायन करणारा. परंतु लोकांच्या तोंडीं कलशाचा ‘कलुषा’ झाला. कलुष म्हणजे मळ, पाप. एका अक्षराच्या फेरफारानें साधलेला हा श्लेष. तो किती निर्दय होऊं शकतो, याचें इतकें बोलकें उदाहरण अलंकाराच्या पुस्तकांत आम्हांस आढळलें नाहीं.

वा. सी. बेंद्रे यांनीं इ. स. १९६० मध्यें आणि डॉ. कमल गोखले यांनीं ‘शिवपुत्र संभाजी’ या ग्रंथानें इ. स. १९७१ मध्यें मूळ कागदपत्रांच्या आधारें हें चित्र पुसून नवें मांडलें. तें काम इतिहासाचें होतें. परंतु वाचकास बखर म्हणजे काय आणि नायिकाभेद म्हणजे काय हें आधींपासून ठाऊक असतें, तर मधल्या दीडशें वर्षांतील अन्यायाचा निदान कांहीं भाग टळला असता. नायिकाभेद लिहिल्यानें कोणी सदाचारी ठरत नाहीं, हें खरें. पण दुराचारीही ठरत नाहीं. एवढा विवेक संज्ञा शिकविते, आणि तो थोडा नव्हे.

तिसऱ्या संज्ञेसाठीं नदी ओलांडावी लागते. शिरूरहून न्हावऱ्यावरून दक्षिणेस निघालेला रस्ता भीमा उतरून दौंड तालुक्यांत चौफुल्यास येतो आणि तेथें पुणें-सोलापूर रस्त्यास मिळतो. चौफुला हें लावणीचें ठाणें. तेथील कलाकेंद्रांत संगीतबारी चालते. पेटी, तबला व ढोलकी यांच्या साथीवर लावणी गाइली व नाचली जाते. तमाशाच्या ढोलकीफडांत गण, गौळण, बतावणी आणि वग असा क्रम असतो. संगीतबारींत गाणें व अदाकारी हेंच मुख्य. बैठकीच्या लावणींत तर गाणारी बसल्या जागीं, केवळ मुद्रा व हात यांच्या साहाय्यानें, एकाच ओळीचे अनेक अर्थ करून दाखविते.

‘लावणी’ शब्दाची व्युत्पत्ति कोणी लावण्यापासून सांगतात, तर कोणी रोपांच्या लावणीपासून. आमच्या विषयास महत्त्वाचें तें तिचें अंतरंग. पेशवाईच्या उत्तरार्धांत मराठ्यांच्या फौजा वर्षानुवर्षें मुलूखगिरीवर राहत. मागें राहिलेल्या स्त्रीचा विरह हा त्या काळच्या लावणीचा एक मोठा विषय झाला. ती नायिका कोण? भरताची प्रोषितभर्तृकाच. सवतीच्या घरून उजाडतां परतलेल्या पतीस टोमणे मारणारी लावणींतील स्त्री ही खंडिता, आणि शेज सजवून दिव्याची वात सारखी करीत बसलेली ती वासकसज्जा. रामजोशी संस्कृत शिकलेले होते, त्यांना हीं नांवें ठाऊक असणारच. परंतु होनाजी गवळी, सगनभाऊ शिकलगार आणि परशराम शिंपी होते. ज्या अवस्था वढूच्या राजानें शास्त्र म्हणून मांडल्या, त्याच या शाहिरांनीं बोलींत गाइल्या. एका तीरावर संज्ञा आहे, दुसऱ्या तीरावर तिचा जिवंत नमुना. मधून फक्त भीमा वाहते.

असें असतां एकास आपण शास्त्र म्हणतों आणि दुसऱ्यास चवचालपणा! लावणींतील ‘मी’ ही गाणारी बाई नव्हे, हें साधें तत्त्व आपला सुशिक्षित वर्ग फार काळ विसरला. वास्तविक आपल्याच साहित्यशास्त्रांत यासाठीं एक सुंदर संज्ञा आहे, ती ‘साधारणीकरण’. भट्टनायकानें ती मांडली व अभिनवगुप्तानें तिचा विचार पुढें नेला. रंगभूमीवरील शकुंतलेचें दुःख हें नटीचें खासगी दुःख नसतें, प्रेक्षकाचेंही नसतें. व्यक्तीचे पाश सुटून तें सर्वांचें होतें, आणि म्हणूनच त्याचा आस्वाद घेतां येतो, असा तिचा भावार्थ. शाकुंतल पाहतांना आपण हें मान्य करतों. नटी घरीं कशी वागते याची चौकशी करीत नाहीं. मग चौफुल्याच्या कलावंतिणीस वेगळा न्याय कां? तिनें अभिसारिका उत्तम वठविली म्हणजे ती तशीच असली पाहिजे, असें धरून चालणारा प्रेक्षक रसिक नव्हे. आणि तेंच कारण दाखवून तिच्याकडे पाठ फिरविणारा सभ्य गृहस्थही त्याच घोटाळ्यांत सांपडलेला आहे. एक हपापतो, दुसरा नाक मुरडतो; चूक दोघांची एकच. संभाजी महाराजांविषयीं झालेला गैरसमज आणि या कलावंतिणींविषयींचा गैरसमज हे दोन्ही एका मुळाचे आहेत. रचनेंतील नायिका आणि रचणारा किंवा गाणारी यांत अंतर असतें, हें आपण ओळखलें नाहीं.

चौफुल्याहून केडगांव अगदीं जवळ. येथें पंडिता रमाबाईंचें मुक्तिसदन आहे. इ. स. १८९६-९७ च्या दुष्काळांत निराधार झालेल्या शेंकडों मुली व स्त्रिया त्यांनीं आसऱ्यास आणल्या, आणि इ. स. १८९८ मध्यें केडगांवीं या संस्थेची पायाभरणी झाली. ज्या बाईंनीं बालपणींच भागवत मुखोद्गत केलें आणि ज्यांस इ. स. १८७८ मध्यें कलकत्त्याच्या पंडितांनीं ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या, त्यांनीं आयुष्याचीं अखेरचीं वर्षें या माळावर बायबलाचें मराठी भाषांतर करण्यांत घालविलीं. धर्मांतराविषयीं वाचकांचें मत कांहींही असो, साहित्यसंज्ञेच्या दृष्टीनें हा प्रसंग मोठा उद्बोधक आहे.

बायबलांतील स्तोत्रसंहिता हें काव्य आहे. पण हिब्रू काव्यास आपल्या अर्थानें वृत्त नाहीं आणि यमकाचा नियम नाहीं. मग तें काव्य कशानें? ऑक्सफर्ड येथील काव्याचे अध्यापक रॉबर्ट लौथ यांनीं इ. स. १७५३ मध्यें प्रसिद्ध केलेल्या व्याख्यानांत याचें उत्तर दिलें. तेथें ओळीला ओळ जुळते ती अर्थानें. पहिल्या ओळींतील विचार दुसरी ओळ निराळ्या शब्दांनीं पुन्हा सांगते, किंवा विरोधानें उठावदार करते, किंवा एक पायरी पुढें नेते. यास अर्थाचें यमक म्हटलें तर चालेल. आतां मराठींत हें आणावें कसें? रमाबाईंच्या सुमारें तीन शतकें आधीं फादर स्टीफन्स यांनीं ख्रिस्तपुराण रचलें तें ओवींत, तें इ. स. १६१६ मध्यें छापून निघालें. रेव्हरंड ना. वा. टिळकांनीं अभंग व ओवी यांचाच आश्रय केला. जिला संस्कृत वृत्तें जन्मजात अवगत, त्या रमाबाईंनीं मात्र साध्या बायकांस वाचतां यावी अशी सोपी मराठी पत्करली. मूळ हिब्रू व ग्रीक भाषा अभ्यासून त्यांनीं हें काम केलें, आणि आश्रमाच्याच छापखान्यांत तेथील स्त्रियांनीं तें छापण्याचे श्रम घेतले. इ. स. १९२२ च्या ५ एप्रिल रोजीं बाई निवर्तल्या. भाषांतर त्यापूर्वीं हातावेगळें झालें होतें, तें इ. स. १९२४ मध्यें प्रसिद्ध झालें.

वृत्त म्हणजेच पद्य, आणि पद्य म्हणजेच काव्य, हें समीकरण त्या काळीं सर्वमान्य होतें. त्या मापानें स्तोत्रांचें मराठी रूप गद्यांत जमा होतें. पण अर्थाचा तोल भाषांतरांतही टिकतो, कारण तो अक्षरांच्या मोजणीवर अवलंबून नसतो. पुढें कवि अनिल यांनीं मुक्तछंद पुरस्कारिला व इ. स. १९४० मध्यें ‘भग्नमूर्ति’ दीर्घकाव्य त्यांत लिहिलें, तेव्हां वृत्तावांचून काव्य होऊं शकतें कीं नाहीं याचा मोठा वाद माजला. केडगांवच्या भाषांतरानें त्या चळवळीस जन्म दिला असें आम्ही म्हणत नाहीं. संज्ञा येण्यापूर्वीं वस्तु आलेली असते, इतकेंच दाखवावयाचें आहे. पहिल्या ओळीस उत्तर देणारी दुसरी ओळ तर सविंदण्याच्या जात्यावरही होतीच.

अशी ही एका दिवसाची फेरी. तिच्यांतून निघणारें तात्पर्य घरांतील वडील माणसांनीं मनावर घ्यावें अशी आमची विनंति आहे. मुलगा किंवा मुलगी अलंकारांचीं लक्षणें पाठ करीत असेल तर तें थांबवूं नये. पाठांतरास आमचा विरोध नाहीं. परंतु त्याबरोबर तीन प्रश्न विचारावयास शिकवावें. ही व्याख्या कोणत्या नमुन्यावरून बांधली? या प्रकाराचा संकेत काय, म्हणजे त्यांत काय खरें मानावयाचें व काय केवळ रचना म्हणून घ्यावयाचें? आणि यांतील ‘मी’ कोण? पहिला प्रश्न विचारणारा जात्यावरच्या बाईस अडाणी म्हणणार नाहीं. दुसरा विचारणारा बखरीवरून कोणास फांसावर चढविणार नाहीं. तिसरा विचारणारा चौफुल्याच्या बैठकींत मान वर करून बसूं शकेल आणि गाणारीसही मान वर करून गाऊं देईल.

वढूच्या समाधीस दरसाल हजारों लोक येऊन मस्तक नमवितात. तेथें शौर्याचें स्मरण होतें, तें झालेंच पाहिजे. त्यासोबत या राजानें नायिकाभेदावर लिहिलें होतें ही गोष्ट, न संकोचतां व न लपवितां, मुलांस सांगणारे आईबाप वाढतील, तर साहित्याच्या संज्ञा शाळेच्या फळ्यावरून उतरून आपल्या घरांत आल्या असें आम्ही समजूं.